दोनशे तासांआधी मत नाही

हे लिहिण्याचा मला अधिकार आहे असं मला वाटत नाही, हे आधीच सांगतो. आमच्या घरात लिहिणं म्हणजे अर्ज लिहिणं. दाखल्याचा, शिष्यवृत्तीचा, रेशनकार्डात नाव वाढवण्याचा. सातवीपासून घरातले आणि शेजारचे सगळे अर्ज मीच लिहिले. अर्ज नसतानाही एखाद्या माणसाबद्दल काही लिहितात, हे मला कॉलेजात आल्यावर कळलं. शिवाय ज्यांच्याबद्दल लिहितो आहे ते काका हे वाचतील, तर पहिल्यांदा विचारतील, "किती तास झाले बापू तुले माह्यासंगं?" मी तीन वर्षं त्यांच्या घरी भाड्याने राहिलो. पण ज्या तासांत आम्ही खरोखर एकमेकांचं ऐकलं, तेवढेच मोजले तर ते पुरेसे भरतील का, याची मला खात्री नाही. काही चुकलं तर ते घाईत चुकलं असं समजून क्षमा करावी. माझी घाई त्यांना माहीत आहे. खरं तर हे सगळं त्या घाईबद्दलच आहे.

काका वाशिमला राहतात. टेलिफोन खात्यात बत्तीस वर्षं लाइनमन होते. मंगरूळपीर, आसेगाव, अनसिंग या सगळ्या बाजूच्या तारा त्यांच्या पायाखालून किंवा डोक्यावरून गेलेल्या. त्यांच्या खात्यातले जुने लोक सांगतात की ते तपासणीचा फोन तारेला लावून डोळे मिटायचे आणि मग सांगायचे, "नाल्यापलीकडचा तिसरा खांब." जोडात पाणी शिरलं की भजी तळल्यासारखा आवाज येतो. फांदी टेकलेली असली की वाऱ्यासोबत खरखर येते आणि जाते. हे मला त्यांनीच नंतर सांगितलं, पण स्वतःची बढाई म्हणून नाही. भाजीवाला भाजी ओळखतो, तसं.

ते निवृत्त झाले तोवर ताराच उरल्या नव्हत्या. खांब उपटून नेले. एक-दोन खांब लोकांनी गोठ्याच्या छपराला लावले. निवृत्तीच्या पैशांत काका वरचा मजला बांधतील असं काकूंना वाटलं होतं. काकांनी एक हेडफोन आणला. तो इतका महाग होता की काकूंनी आकडा कोणाला सांगितला नाही. मलाही नाही. त्या एवढंच म्हणायच्या, "त्या कानटोपाच्या पैशात दोन म्हशी आल्या असत्या. दूध तरी देलं असतं."

काका म्हणायचे, "म्हशीचं ऐकलं असतं का तू दोन तास?"

"तुमचं ऐकून राह्यली ना इतके वर्षं."

काकू त्याला कानटोप म्हणत, काका रिसीवर म्हणत. हेडफोन हा शब्द त्या घरात मीच वापरायचो.

मी खोली बघायला गेलो, तेव्हा वडील सोबत होते. वडील कापसाच्या जीनिंगमध्ये हमाली करतात. ते दारात चप्पल काढून उभे राहिले. काकांनी आम्हाला बसवलं, पाणी दिलं. वडिलांनी आपणहून सांगितलं की पोरगा हुशार आहे, कोणाच्या अध्यात-मध्यात नाही. काकांनी मान हलवली आणि म्हणाले, "राहू द्या इथं. कसा हाये ते दिवाळीले सांगतो."

परतीच्या बसमध्ये वडिलांनी मला दोनदा विचारलं, "खोली देली का नाही देली त्यानं?"

तो त्यांचा नियमच होता. दोनशे तासांआधी कशाबद्दलही मत नाही. नवीन चप्पल कशी आहे विचारलं तर म्हणायचे, अजून चाललो कोठी. त्यांच्या भाचीसाठी मुलगा बघायला सगळे गेले होते. मुलगा कसा वाटला असं विचारल्यावर काका त्याच्या बापासमोरच म्हणाले, "दोनशे तास आमच्या इथं आणून बसवा, मंग सांगतो." ते लग्न दुसऱ्यांनी जमवलं. काकू म्हणायच्या, "माह्या लग्नाले छत्तीस वर्षं झाली पोरा, माह्याबद्दल यायचं मत अजून झालं नाही."

"ऐकणं चालू हाये," काका म्हणायचे.

ऐकण्याची वेळ ठरलेली होती. दुपारी जेवण झालं की दोन वाजता ते पुढच्या खोलीत प्लॅस्टिकच्या खुर्चीवर भिंतीकडे तोंड करून बसत. दीड तास. दीड तासाच्या वर कान खोटं बोलतो, असं ते सांगायचे. गाणी-बिणी फार नव्हती. एक सनई, एक बाईच्या आवाजातलं भजन, आणि तिसरा होता बाजार. हा बाजार त्यांनी स्वतः रेकॉर्ड केला होता. अनसिंगच्या आठवडी बाजारात एका ठिकाणी पाऊण तास उभं राहून. डावीकडे शेंगदाणेवाला, समोर वांगी आणि कांदे, उजवीकडे थोडी मागे बांगडीवाली, तिच्या पलीकडे कुठेतरी कुऱ्हाडीला धार लावणारा. मधेच काकूंचा आवाज, वांग्यांवर घासाघीस करणारा. जगातला कुठलाही हेडफोन त्यांना याच तीन गोष्टींवर तपासायचा असे. "लाइन टेस्ट करायची तं रोज एकच नंबर लावा लागते," ते म्हणायचे.

जे ऐकलं ते एका वहीत लिहायचे. ती खात्याची जुनी, कोरी राहिलेली तक्रार-वही होती. त्यात तीन रकाने होते. तास, तक्रार, निवारण. मी ती पहिल्यांदा वाचली तेव्हा मला हसू आलं होतं, हे कबूल करतो. बाराव्या तासाला तक्रार: "सनईचा वरचा सूर कानात काट्यावाणी शिरते." निवारण: "आपोआप. बासष्ट तास." चाळिसाव्या तासाला: "खालचा आवाज ओल्या पोत्यावाणी धपकन पडते, उठत नाही." निवारण: "आपोआप. एकशे दहा तास. आता उठते."

काकांचा समज असा होता की मशीन हळूहळू खुलतं. नव्या दोरीला पीळ असतो, तो वापरून जातो, तसं. "पह्यल्या दिवशी आपण मशीनले ऐकत नाही बापू. मशीन आपल्याले ऐकत असते." मी फिजिक्सचा विद्यार्थी. मला वाटायचं की मशीन तसंच राहत असेल आणि आपल्याच कानाला सवय होत असेल. पण हे मी कधी मोठ्याने म्हणालो नाही. मी तेव्हा कुठलीच गोष्ट मोठ्याने म्हणत नव्हतो.

त्याचं कारण कॉलेज. सगळं इंग्रजीत. पहिल्या महिन्यात वर्गात बसलं की कानावर नुसता आवाज येई, शब्द येत नसत. महिन्याच्या शेवटी मी पिशवी भरली आणि काकांना सांगायला गेलो की जातो, मला जमत नाही.

काकांनी रिसीवर काढून मांडीवर ठेवला. "किती तास झाले?"

मी हिशोब केला. "साठ-सत्तर झाले असतील."

"अन् मत देऊन राह्यला?"

एवढंच. मी पिशवी रिकामी केली. हे लिहायला सोपं आहे. पण त्या दिवशी मी गेलो असतो तर आज जीनिंगच्या फाटकात वडिलांच्या शेजारी उभा असतो. त्यात कमीपणा नाही, पण हे लिहिलं नसतं. डिसेंबरपर्यंत वर्गातल्या आवाजातून शब्द सुटे होऊ लागले. आधी "देअरफोर" ऐकू आलं. मग त्याच्या आधीचं आणि नंतरचं.

त्यांनी मला दुसरंही एक काम दिलं. हेडफोन ऐकणाऱ्या लोकांची एक वेबसाइट होती. जगभरचे लोक तिथे आपापल्या हेडफोनबद्दल लिहायचे. काकांना तिथे आपली वही पाठवायची होती. आधीच्या एका भाडेकरूने थोडी सुरुवात करून दिली होती, तो नोकरीला लागला. मग काका बोलायचे आणि मी मोबाइलवर इंग्रजी करायचो. ओल्या पोत्याला इंग्रजीत काय म्हणतात, ते का उठत नाही, हे शब्दकोशात मिळत नाही. एकेका ओळीला अर्धा तास लागायचा. प्रत्येक नोंदीच्या डोक्यावर ते मला एक ओळ टाकायला लावायचे. किती तास झाले ते, आणि पुढे "अजून मत नाही". तिथल्या लोकांना हे आवडू लागलं. बाकीचे दोन दिवसांत निकाल देत. कोणीतरी लिहिलं, वाशिमचा लाइनमन काय म्हणतो ते कळल्याशिवाय मी विकत घेणार नाही. मी ते काकांना वाचून दाखवलं. त्यांनी विचारलं, "त्याले घाई तं नाही ना?"

मग, मी दुसऱ्या वर्षाला असताना, एक पार्सल आलं. दक्षिणेत एका लहान गावात एक बहीण आणि भाऊ घरच्या घरी हेडफोन बनवत. कानावर बसणारी वाटी फणसाच्या लाकडाची, हाताने कोरलेली. सोबत बहिणीचं पत्र. तिने लिहिलं होतं, तुमच्याइतकं सावकाश ऐकणारं आम्हाला कोणी माहीत नाही, म्हणून आमचा नवा नग तुम्हाला पाठवतो आहोत. ठेवून घ्या. वाटेल तेव्हा लिहा.

काकांनी त्या लाकडावरून अंगठा फिरवला, वास घेतला आणि दोन वाजेपर्यंत बाजूला ठेवला. त्या दिवशीची त्यांची नोंद फार कडक होती. "आवाज कोरडा. वरचे सूर चिरतात. बाजारात गर्दी हाये पण माणूस नाही." मी ती इंग्रजीत केली आणि मला ती आवडली. लहान लहान वाक्यं होती. मला वाटलं, हे माझं आतापर्यंतचं सगळ्यात चांगलं इंग्रजी आहे. आमच्या इंग्रजीच्या सरांना ते दाखवायचं होतं. परदेशातले लोक माझं लिहिलेलं वाचतात, हे त्यांना कळावं असं वाटत होतं. आणि डोक्यावर "पहिला दिवस, दीड तास, अजून मत नाही" ही ओळ बरी दिसत नव्हती. पोरकट वाटत होती. मी ती काढली. त्या जागी मी माझ्या मनाने मथळा दिला: "कोरडा आणि चिरका". पाठवून दिलं आणि दिवाळीला गावी गेलो.

आमच्या गावात रेंज घराच्या गच्चीवरही येत नाही. आठ दिवसांनी वाशिमच्या बसस्टँडवर उतरलो तेव्हा मोबाइल वाजायला लागला. माझ्या लिहिण्याखाली खूप लोकांनी लिहिलं होतं. लाइनमनने पहिल्यांदाच सरळ निकाल दिला, म्हणजे नक्कीच वाईट असणार, असा सगळ्यांचा सूर. तिघाचौघांनी आपण ऑर्डर रद्द केल्याचं लिहिलं होतं. आणि त्या बहिणीचं पत्र. तिने रागाने काही लिहिलं नव्हतं. तिने लिहिलं होतं, कदाचित तुमच्याकडे आलेल्या नगातच दोष असेल. माफ करा. दुसरा पाठवते आहे.

मी काकांना सांगेपर्यंत दोन दिवस घालवले. तिसऱ्या दिवशी ते दुसरं पार्सल आलं, तेव्हा इलाज उरला नाही.

काका खुर्चीवर होते. मी उभ्यानेच सगळं वाचून दाखवलं. माझं, लोकांचं, तिचं.

"वरची ओळ कोठी गेली?" त्यांनी विचारलं.

"म्या काढली."

"काहून?"

"बरी दिसत नव्हती."

त्यांनी चष्मा काढला, पुसला नाही, नुसता हातात धरून बसले. मग म्हणाले, "आमच्या खात्यात लोकं ऑफिसात बसून तक्रार बंद करत. निवारण झालं, सही. खांबापाशी कोणी जायेच नाही. बत्तीस वर्षांत म्या एकबी तक्रार खांबापाशी न जाता बंद केली नाही." थोड्या वेळाने म्हणाले, "तुनं माह्या नावानं केली."

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. काकू स्वयंपाकघरातून बाहेर आल्या होत्या. त्या परत आत गेल्या.

त्याच दुपारी आम्ही लिहून पाठवलं की ती नोंद पहिल्या दिवसाची होती, ते मत नव्हतं, चूक लिहिणाऱ्या मुलाची. तिलाही वेगळं पत्र लिहिलं. पण वेबसाइटवर ते चारपाच जणांनी वाचलं असेल. निकाल सगळ्यांनी वाचला होता.

"आता?" मी विचारलं.

"आता ऐकायचं. दोनशे तास. म्या बी अन् तू बी. आपापल्या वहीत लिहायचं, एकमेकांचं पाहायचं नाही."

"अन् हा दुसरा नग?"

"पह्यल्याचं झाल्याबिगर त्याले हात लावायचा नाही." त्यांनी तो डबा तसाच बंद, कपाटाच्या वर ठेवला.

ते दोन वाजता बसायचे. मी कॉलेजातून आलो की साडेचारला बसायचो. दिवसाला दीड तास. म्हणजे साडेचार महिने. मला हा हिशोब पहिल्याच दिवशी कळला होता आणि त्यातच मुद्दा होता, कारण त्या बहिणीकडे साडेचार महिने नव्हते. पौष महिन्यात तिचं आणखी एक पत्र आलं. नव्या ऑर्डर थांबल्या होत्या. भाऊ शहरात नोकरी शोधत होता. तिने तक्रार केली नव्हती. मी विचारलं होतं म्हणून कळवलं होतं. तेव्हा आमचे सत्तरेक तास झाले होते.

मी काकांना म्हणालो, "आता लिहू ना काका. चांगला आहे म्हणून. पहिल्यापेक्षा बरा वाटतोच आहे."

"बरा वाटते?"

"थोडा."

"थोडा बरा वाटते, म्हणून चांगला लिहू?"

काकू तांदूळ निवडत होत्या. त्या म्हणाल्या, "लिहून टाका ना दोन शब्द. कोनाचं घर चालन."

काका उठून दारापर्यंत गेले आणि परत आले. त्यांना असं अस्वस्थ मी त्याआधी पाहिलं नव्हतं. "एक खोटं वाईट गेलं आपल्या इथून," ते म्हणाले. "आता एक खोटं चांगलं पाठवू? मंग आपलं खरं म्हणून तिच्यापाशी काय राहीन?"

"तं जास्त तास बसा," काकू म्हणाल्या.

"बसता आलं असतं तं बसलो नसतो का?"

त्यानंतर आठवडाभर त्यांनी जेवणावर वाद घातला नाही, चप्पल, भाचीचा नवरा कशावरही काही बोलले नाहीत. दोन वाजता बसत, साडेतीनला उठत, लिहीत, आणि वही उशीखाली ठेवत.

त्या महिन्यांबद्दल मला नीट सांगता येत नाही. रोज तीच सनई, तेच भजन, तोच बाजार. सुरुवातीला मला शिक्षा वाटायची. झोप यायची. मग काकूंच्या वांग्यांच्या घासाघिशीची वाट बघायला लागलो. मग कळायला लागलं की शेंगदाणेवाला कागदाची पुडी वळतो तेव्हा त्याचा आवाज जरा दबतो, कारण तो मान खाली घालतो. हे माहीत झाल्यावर ते न ऐकणं जमेना. आवाज कोरडा आहे, हे लिहायचं मी कधी बंद केलं ते वही बघितल्यावर समजलं. एकशे चौथ्या तासाला.

आणि एकशे एक्क्याऐंशीव्या तासाला मला बांगडीवाली ऐकू आली. बांगड्यांची किणकिण आधीपासून होती. ही त्याखाली होती. कोणाच्या तरी हातात बांगडी चढवताना ती अगदी हळू, ओठांतल्या ओठांत, दोन शब्द म्हणत होती. पुढच्या बाईलाही तेच. त्याच्या पुढच्या बाईलाही. मी ते तीनदा मागे घेऊन ऐकलं. लिहिलं. काकांना सांगावंसं इतकं वाटत होतं की मी त्या दिवशी सायकल घेऊन रेल्वे स्टेशनपर्यंत गेलो आणि आलो.

होळी होऊन गेली आणि दोनशे तास भरले. काकांनी दोन्ही वह्या जमिनीवर शेजारी शेजारी उघडल्या. शेवटच्या पानांवर बोट फिरवत गेले. त्यांच्या वहीत एकशे अडुसष्टाव्या तासाला लिहिलं होतं: "बांगडीवाली बोलते. 'दुखलं का?' म्हणते." माझ्या वहीत एकशे एक्क्याऐंशीव्याला: "बांगडीवाली प्रत्येक बाईला 'दुखलं का' विचारते."

काकांनी काकूंना हाक मारली. "आवं, अनसिंगच्या बाजारात ते बांगडीवाली बसते ना, ते बांगडी भरताना काय म्हणते?"

"दुखलं का म्हणते," काकू म्हणाल्या. "सगळ्यायलेच म्हणते. काहून?"

आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो.

"मले इचारलं असतं तं म्याच सांगतलं असतं," काकू म्हणाल्या. "साडेचार महिने कायले लागले?"

काका खूप हसले. मग उठले, खुर्ची लावून कपाटावरचा डबा काढला आणि कात्रीने फोडला. दुसरा नग. एक मिनिटही न वाजलेला. त्यांनी तो डोक्यावर चढवला आणि बाजार लावला. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होतो. वांगी गेली असतील, कांदे गेले असतील. मग त्यांचे डोळे उघडले. त्यांनी तो काढून माझ्या डोक्यावर ठेवला. दुखलं का. स्पष्ट. कोरा, नवा, पीळ न गेलेला नग, आणि पहिल्याच मिनिटाला.

मग त्यांनी त्यांचा जुना, दोन म्हशींच्या भावाचा रिसीवर लावला. त्यातही ती होती. पण शोधावी लागत होती. अंधुक होती. वर्षानुवर्षं तिथेच होती.

काका भिंतीकडे तोंड करून बसले. ते चिडतील असं मला वाटत होतं, कारण त्यांचा सगळा समज मोडला होता. मशीन खुलत नव्हतं. मशीन पहिल्या दिवशीच खुललेलं होतं.

"फॉल्ट आपल्या टोकाला होता," ते म्हणाले.

आणि मग त्यांनी जे केलं त्यासाठी मी हे लिहायला बसलो असं मला वाटतं. त्यांनी जुनी तक्रार-वही काढली आणि पहिल्या पानापासून, जिथे जिथे निवारणाच्या रकान्यात "आपोआप" लिहिलं होतं, तिथे एक रेघ मारून शेजारी लिहिलं: "आपल्या टोकाला." सनईचा काटा, ओलं पोतं, सगळं. काकू जेवायला बोलावून थकल्या. सहासष्टाव्या वर्षी एवढी जुनी खात्री अशी रेघेरेघेने खोडणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही मत लिहिलं. सगळे तास, दोघांचे, खाली-वर न करता. पहिल्या दिवसाचं "कोरडा" सुद्धा, आणि ते कधी गेलं तेही. त्यांचं वाक्य मी शब्दाला शब्द इंग्रजीत केलं, फॉल्ट आमच्या टोकाला होता. बाजाराचं रेकॉर्डिंग आणि बांगडीवाली काय म्हणते त्याचा अर्थ, हे सगळं त्या बहिणीला वेगळं पाठवलं. मी खाली माझं नाव घातलं, चूक करणारा म्हणून. काका म्हणाले, "वरची ओळ पाह्य." ती होती. "दोनशे तास. आता मत आहे."

तिचं उत्तर आलं नाही. मी आणखी दोनदा लिहिलं. वेबसाइटवर कोणी म्हणालं की त्यांचं काम बंद झालं, भाऊ नोकरीला लागला. मी काकांना ते सांगितलं. त्यांनी ऐकलं आणि म्हणाले, "तुले कोणी सांगतलं? तिनं?"

"नाही."

"मंग अजून नाही."

मी पास झालो आणि पुढच्या शिक्षणाला अमरावतीला आलो. निघताना काकांना विचारलं की माझ्याबद्दल मत दिवाळीला सांगणार होते, आता तिसरी दिवाळी झाली. ते म्हणाले, "फोन करजो."

दर रविवारी करतो. काका फोन उचलला की लगेच बोलत नाहीत. आधी चारपाच सेकंद नुसते ऐकतात. मोबाइलमध्ये तारही नाही आणि खांबही नाही, पण ते ऐकतात. मग म्हणतात, "लाइन साफ हाये. बोल." माझं कॉलेज, खोली, जेवण हे झालं की शेवटी तोच प्रश्न, "त्या फणसवाल्या बाईचं काही?" आणि मी तेच सांगायचो, नाही काका. जवळजवळ वर्षभर.

गेल्या रविवारी मी सकाळीच फोन केला. नेहमीपेक्षा लवकर. ते ऐकत राहिले. "लाइन साफ हाये. बोल."

"काका, पत्र आलं तिचं."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. काकूंना त्यांनी हाताने काहीतरी खूण केली असावी, कारण मागे वाजणारी भांडी थांबली. मी इंग्रजी वाचत वाचत मराठी करत गेलो. ती लिहिते की तुमचं पत्र मी तेव्हा उघडलंच नाही, पहिल्यासारखंच असेल अशी भीती वाटली. काम बंद होतं. भाऊ गेला होता. दोन महिन्यांपूर्वी कामाचं सामान आवरताना ते उघडलं. वाचून झाल्यावर आवरलेलं परत मांडलं. आता मी पुन्हा बनवते आहे. भाऊ रविवारी येतो आणि लाकूड कोरून देतो. तुमचा बाजार रोज ऐकते, आमच्याच नगावर. भाषा समजत नाही, पण घासाघीस करणाऱ्या बाई आता ओळखीच्या झाल्या आहेत. बांगडीवाली मला अजून ऐकू आलेली नाही. बहात्तर तास झाले. ऐकते आहे.

मी थांबलो. फोन कटला की काय म्हणून मी मोबाइल कानापासून दूर करून पाहिला. चालू होता. त्यांचा श्वास ऐकू येत होता.

"काका?"

"हाये," ते म्हणाले. "पुन्हा वाच. पह्यल्या खेपेच्या ऐकण्याचं काही खरं नसते."

मी पुन्हा पहिल्यापासून वाचलं, हळू.